पुण्यात बसून गॅमा किरण स्फोट कसा शोधायचा आणि कसा मोजायचा

गॅमा किरण स्फोट म्हणजे दूरच्या अवकाशातून अचानक येणारा गॅमा किरणांचा लोट. त्याचा अभ्यास करायला दुर्बीण लागत नाही, अंधारं आकाश लागत नाही आणि पुण्याच्या पावसाळ्याचाही अडसर होत नाही. हे किरण पृथ्वीच्या वातावरणात वरच शोषले जातात, म्हणून ते उपग्रहावरच टिपावे लागतात. उपग्रहाने टिपलेली नोंद मात्र कोणालाही मोफत उतरवून घेता येते. साधा लॅपटॉप, पायथनची जुजबी ओळख आणि दोन-तीन निवांत रविवार एवढ्या भांडवलावर तुम्ही एक खरा स्फोट स्वतः शोधू शकता, त्याचा कालावधी मोजू शकता आणि त्यात किती ऊर्जा बाहेर पडली याचा हिशेबही मांडू शकता.

पुणेकरांना या विषयाकडे वळायला आणखी एक कारण आहे. २८ सप्टेंबर २०१५ रोजी श्रीहरिकोट्याहून गेलेल्या अ‍ॅस्ट्रोसॅट उपग्रहावर सीझेडटीआय नावाचं उपकरण आहे आणि त्याच्या नोंदी हाताळणारं केंद्र गणेशखिंडीत, विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेत आहे. हे उपकरण ६ ऑक्टोबर २०१५ रोजी सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी त्याने एक स्फोट पकडला. तेव्हापासून त्याच्या खात्यावर पाचशेहून अधिक स्फोट जमा झाले आहेत.

एक गोष्ट सुरुवातीलाच ठासून सांगतो. स्फोट दिसणं सोपं असतं, पार्श्वभूमी (म्हणजे स्फोट नसतानाही उपकरणात होत राहणारी नोंद) ठरवणं अवघड असतं. तुम्ही शेवटी जो आकडा सांगाल तो तुमच्या पार्श्वभूमीइतकाच भरवशाचा असेल. म्हणून पुढच्या पायऱ्यांमध्ये त्या एका पायरीला मी सर्वांत जास्त जागा दिली आहे.

आधी थोडं समजून घ्या

२ जुलै १९६७ रोजी अमेरिकेच्या वेला उपग्रहांनी पहिला गॅमा किरण स्फोट टिपला. ते उपग्रह चोरून होणाऱ्या अणुचाचण्यांवर नजर ठेवायला सोडलेले होते. हे स्फोट अवकाशातून येतात हे १९७३ मध्ये जाहीर झालं. १९९१ ते २००० या काळात कॉम्प्टन वेधशाळेवरच्या बॅट्सी उपकरणाने २,७०४ स्फोट नोंदवले आणि ते आकाशात सगळीकडे सारखे विखुरलेले दिसले. ते आपल्या आकाशगंगेतले असते तर तिच्या पट्ट्यात दाटले असते. त्याच नोंदींवरून त्यांचे दोन गट पडले: साधारण २ सेकंदांच्या आतले आखूड आणि त्याहून मोठे लांब. लांब स्फोटांमागे बहुतेक वेळा एखाद्या महाकाय ताऱ्याचा गाभा कोसळलेला असतो, तर आखूड स्फोट दोन न्यूट्रॉन तारे एकमेकांवर आदळून होतात. ही विभागणी काटेकोर नाही, हेही ध्यानात ठेवा. ११ डिसेंबर २०२१ चा स्फोट मिनिटभर चालला, तरी त्याच्या मागोमाग ताऱ्यांच्या टकरीनंतर दिसते तशी खूण सापडली.

नावाची पद्धत सोपी आहे. जीआरबी या अक्षरांपुढे वर्ष, महिना, दिवस आणि त्या दिवसातला क्रम सांगणारं अक्षर लिहितात. जीआरबी २२१००९ए म्हणजे ९ ऑक्टोबर २०२२ चा पहिला स्फोट.

पायरी १: स्फोट निवडा आणि फाइली उतरवा

नवख्यांनी फर्मी उपग्रहापासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. तो ११ जून २००८ रोजी गेला. त्यावरच्या जीबीएम उपकरणात सोडियम आयोडाइडचे १२ आणि बिस्मथ जर्मनेटचे २ शोधक, म्हणजे किरण टिपणारे डिटेक्टर, आहेत. ते वेगवेगळ्या दिशांना तोंड करून बसवलेले असल्यामुळे पृथ्वीआड गेलेला भाग सोडला तर सगळं आकाश एकदम पाहतात. वर्षाकाठी दोनशेहून अधिक स्फोट त्यांना सापडतात. नोंदी नासाच्या हीसार्क या संग्रहात खुल्या असतात, त्यासाठी नावनोंदणीही लागत नाही. अ‍ॅस्ट्रोसॅटच्या नोंदीही उघड्या आहेत, पण त्या इस्रोच्या संकेतस्थळावर नाव नोंदवून घ्याव्या लागतात आणि त्यांची साफसफाई जास्त असते. हात बसल्यावर तिकडे वळा.

पहिल्या सरावासाठी मी नेहमी जीआरबी ०८०९१६सी हा स्फोट देतो. तो ठळक आहे आणि त्याचं अंतरही ठाऊक आहे. जीबीएमच्या यादीत त्याचा क्रमांक ०८०९१६००९ असा आहे. शेवटचे तीन आकडे म्हणजे दिवसाचा हजारावा भाग: ०.००९ दिवस म्हणजे मध्यरात्रीनंतर सुमारे १३ मिनिटं. खरी वेळ होती जागतिक प्रमाणवेळेनुसार ००:१२:४५, म्हणजे आपल्याकडे पहाटेचे ५:४२.

संग्रहात त्या क्रमांकाच्या फोल्डरमध्ये प्रत्येक शोधकाच्या अनेक फाइली दिसतील. तुम्हाला ‘टीटीई’ असं नाव असलेल्या हव्यात. त्यांत शोधकावर आदळलेल्या एकेका कणाची (गॅमा किरणही असे सुटे कण म्हणूनच मोजले जातात) वेळ २ मायक्रोसेकंदांपर्यंत अचूक लिहिलेली असते. शोधक एन३, एन४ आणि बी० यांच्या फाइली घ्या (एन म्हणजे सोडियम आयोडाइडचा, बी म्हणजे बिस्मथ जर्मनेटचा). एन३ आणि एन४ या स्फोटाकडे चांगलं तोंड करून होते. बाराच्या बारा शोधकांची बेरीज करायचा मोह आवरा. पाठ करून बसलेले शोधक स्फोटाचे कण फारसे आणत नाहीत, गोंगाट मात्र पुरेपूर आणतात. स्फोटाच्या दिशेशी साधारण ६० अंशांच्या आत असलेले शोधकच घ्यावेत.

पायरी २: फाइल उघडा, आलेख काढा

पायथनमध्ये अ‍ॅस्ट्रोपाय, नमपाय आणि मॅटप्लॉटलिब बसवून घ्या. फाइल फिट्स प्रकारची असते. तिच्या ‘इव्हेंट्स’ भागात दोन रकाने आहेत: कण कधी आला ती वेळ आणि तो कोणत्या वाहिनीत पडला तो ० ते १२७ मधला क्रमांक. कोणती वाहिनी किती ऊर्जेची हे ‘ईबाउंड्स’ भागात मिळतं. वेळ १ जानेवारी २००१ पासूनच्या सेकंदांत असते. फाइलच्या मथळ्यात ‘ट्रिगटाइम’ दिलेला असतो, तो प्रत्येक वेळेतून वजा केला की शून्य म्हणजे उपग्रहाला जाग आली तो क्षण.

आता ५० ते ३०० केईव्ही (किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट) एवढ्याच ऊर्जेचे कण ठेवा. हा पट्टा बॅट्सीपासून चालत आलेला आहे, त्यामुळे तुमचा आकडा इतरांच्या आकड्यांशी ताडून पाहता येतो. मग १ सेकंदाचे कप्पे करून प्रत्येक कप्प्यात किती कण पडले ते मोजा आणि वेळेसमोर मांडा. शून्यापाशी उसळलेला आणि मिनिटभर वरखाली होत शांत होणारा आलेख पडद्यावर आला की समजा, बारा अब्ज वर्षांपूर्वी निघालेला प्रकाश तुम्ही मोजत आहात.

पायरी ३: हा खरंच स्फोट आहे का?

इथे तो डोळ्यांनीच दिसतो. पण क्षीण स्फोटाला कसोटी लागते. समजा स्फोट नसताना सेकंदाला सरासरी ३०० कण येतात. मग नुसत्या योगायोगाने हा आकडा ३०० च्या वर्गमूळाइतका, म्हणजे सुमारे १७ ने, इकडेतिकडे होतच राहणार. या १७ ला एक सिग्मा म्हणा. ३५१ कण आले तर तो तीन सिग्माचा चढ झाला. ऐकायला भरघोस वाटतं, पण दिवसात एकेक सेकंदाचे ८६,४०० कप्पे असतात आणि तीन सिग्माच्या वर जाण्याची शक्यता हजारात १.३५ आहे. गुणाकार करा: दिवसाला शंभराहून जास्त खोटे ‘स्फोट’ सापडतील. पाच सिग्माची अट लावली की असा खोटा चढ साधारण चाळीस दिवसांतून एकदा येईल. तुम्ही किती जागी शोधलंत त्यावर तुमच्या शोधाची किंमत ठरते. कप्प्यांचा आकार बदलून पुन्हा पुन्हा शोधलंत तर तेही मोजायला हवं.

म्हणूनच उपग्रह एका शोधकावर विसंबत नाही. जीबीएमला जाग येते ती निदान दोन शोधकांत एकदम चढ दिसला तरच. आयुकातले संशोधक सीझेडटीआयचे चारही चतुर्थांश वेगवेगळे तपासतात आणि त्याखालच्या सीझियम आयोडाइडच्या शोधकातही तो चढ आहे का ते पाहतात.

आकडेशास्त्राची कसोटी ओलांडली तरी भामटे उरतात. सूर्यावरचा भडका बहुधा ५० केईव्हीच्या खाली जोरदार दिसतो आणि सावकाश चढतो-उतरतो, शिवाय दिशा सूर्याची असते. वादळी ढगांतून वर निघणारे गॅमा झोत एक मिलिसेकंदाच्याही आत संपतात. उपग्रहाभोवतीच्या कणांचा लोंढा आला तर परस्परविरुद्ध दिशांना तोंड केलेले शोधक जवळपास सारखेच उसळतात, दूरच्या एका ठिकाणाहून आलेल्या किरणांनी तसं होत नाही. आणि दक्षिण अटलांटिकवर पृथ्वीचं चुंबकीय कवच जिथे खाली झुकलेलं आहे तिथून जाताना कणांचा मारा इतका असतो की जीबीएमचे शोधक बंदच ठेवतात. आत शिरताना आणि बाहेर पडताना आलेखाला येणारा उतार नवख्यांना हमखास फसवतो. उपग्रह त्या क्षणी कुठे होता हे आधी बघा, मग आलेखावर विश्वास ठेवा.

पायरी ४: पार्श्वभूमी

इथे घाई करू नका.

मंडईत पिशवीसकट तोललेल्या भाजीतून पिशवीचं वजन वजा करावं लागतं, तसंच हे काम आहे. फक्त इथे पिशवीचं वजन दर क्षणी बदलतं आणि स्फोट चालू असताना पिशवी वेगळी काढून तोलता येत नाही. वैश्विक किरण, आकाशातला सर्वदूर पसरलेला क्ष-किरणांचा प्रकाश, पृथ्वीच्या वातावरणातून परतणारे गॅमा किरण आणि उपग्रहाच्या धातूत निर्माण झालेली किरणोत्सारिता या सगळ्यांची मिळून पार्श्वभूमी तयार होते. उपग्रह सुमारे दीड तासात पृथ्वीभोवती फिरतो, वळतो, कलतो, त्यासोबत ती हलत राहते.

उपाय असा: स्फोटाच्या आधीचा एक तुकडा आणि नंतरचा एक तुकडा निवडायचा, दोन्हींमधून एक गुळगुळीत रेषा ओढायची आणि मधल्या काळात पार्श्वभूमी त्या रेषेवरच होती असं धरायचं. आपल्या स्फोटासाठी आधीचा तुकडा उणे २० ते उणे ५ सेकंद आणि नंतरचा १०० ते २०० सेकंद घेऊन बघा. शून्याला अगदी चिकटून थांबू नका. उपग्रहाला जाग येते ती चढ ठरावीक उंबरठा ओलांडल्यावर, त्यामुळे स्फोटाची पहिली चाहूल शून्याच्या आधीही असू शकते.

या स्फोटात एक अडचण मुद्दाम शिकण्यासारखी आहे. २०१२ च्या अखेरीपर्यंत जीबीएमची टीटीई नोंद स्फोटाच्या जेमतेम अर्धा मिनिट आधीपासूनच मिळायची, त्यानंतर ती सतत मिळू लागली. २००८ च्या आपल्या स्फोटात त्यामुळे आधीचा तुकडा तोकडा आहे. तोकड्या तुकड्यावर टेकलेली रेषा एका टोकाला सहज डळमळते. अशा वेळी त्याच फोल्डरमधल्या ‘सीस्पेक’ फाइली मदतीला घ्या. त्यांत वेळेची बारकाई कमी असते, पण आधीचा आणि नंतरचा काळ भरपूर असतो.

रेषा किती वाकडी असावी? आधी सरळ रेषा लावा. स्फोटाबाहेरचे ठिपके रेषेच्या दोन्ही बाजूंना सारखे विखुरले तर तिथेच थांबा. एका ठिकाणी सगळे ठिपके वर आणि दुसरीकडे सगळे खाली असे गट दिसले, तर वर्गपदी वक्र घ्या. चौथ्या-पाचव्या घातापर्यंत जाऊ नका. फार लवचिक वक्र मधल्या मोकळ्या जागेत स्वतःच उसळी घेतो आणि खऱ्या स्फोटाचा लचका तोडतो.

मग सर्वांत उपयोगी प्रयोग करा. दोन्ही तुकड्यांच्या कडा पाच-दहा सेकंद इकडेतिकडे सरकवा आणि पुढची सगळी मोजणी पुन्हा करा. उत्तर जेवढं हलेल तेवढी तुमची खरी अनिश्चितता. कितीतरी जण ही चाचणी न करता दशांश चिन्हापुढे तीन-तीन आकडे लिहितात. मला ते पाहून वाईट वाटतं, कारण त्यांचं बाकीचं काम बहुतेक वेळा मेहनतीचं असतं.

पायरी ५: कालावधी, म्हणजे टी९०

स्फोट नेमका कधी सुरू झाला आणि कधी संपला हे सांगता येत नाही, कारण दोन्ही टोकं गोंगाटात बुडालेली असतात. म्हणून सर्वमान्य माप असं ठरलं: पार्श्वभूमी वजा करून कणांची बेरीज करत जा. एकूण बेरजेच्या ५ टक्के जिथे भरतात ती सुरुवात आणि ९५ टक्के जिथे भरतात तो शेवट. मधला काळ म्हणजे टी९०.

बेरजेचा आलेख काढला की तो जिन्यासारखा चढून वर सपाट व्हायला हवा. वर गेल्यावरही तो चढत किंवा घसरत राहिला, तर पार्श्वभूमी चुकली आहे. मुकाट्याने मागच्या पायरीवर जा.

या स्फोटाचा प्रसिद्ध झालेला टी९० सुमारे ६३ सेकंद आहे. तुमचा आकडा त्याच्या आसपास यायला हवा, अगदी तोच यावा असा हट्ट नको. ऊर्जेचा पट्टा, शोधक आणि कप्प्याचा आकार बदलला की टी९० बदलतो. कमी ऊर्जेत स्फोट बहुधा जास्त काळ रेंगाळतो. विश्व प्रसरण पावत असल्यामुळे दूरच्या घटना आपल्याला लांबलेल्या दिसतात हेही विसरू नका. याची तांबडसृती, म्हणजे प्रसरणामुळे प्रकाश किती ताणला गेला याचं माप, ४.३५ आहे, म्हणून ६३ ला त्याहून एकाने जास्त, म्हणजे ५.३५ ने भागा. तिथे, स्फोटाच्या जागी, तो जेमतेम १२ सेकंद चालला होता.

चुकीची मर्यादा काढायला प्रत्येक कप्प्यातला आकडा संगणकाकडून त्याच सरासरीभोवती यादृच्छिकपणे बदलून घ्या, टी९० पुन्हा काढा, असं हजार वेळा करा आणि उत्तरांचा पसारा बघा.

पायरी ६: ऊर्जा

वाहिनीचा क्रमांक म्हणजे किरणाची खरी ऊर्जा, असं धरू नका. किरण शोधकात आपली सगळी ऊर्जा टाकेलच असं नाही, काही वेळा थोडी देऊन निसटतो. त्यामुळे उलटीकडून जावं लागतं: वर्णपटाचा (कोणत्या ऊर्जेचे किती किरण आले त्याचा) एक आकार कल्पायचा, तो शोधकातून गेला तर कसा दिसेल हे प्रतिसाद फाइलवरून काढायचं आणि नोंदीशी ताडायचं. त्यासाठी एक्सस्पेक किंवा थ्रीएमएल हे संच वापरतात. आकार बहुतेक वेळा १९९३ पासून रुळलेलं बँड फलन असतो, म्हणजे दोन घातरेषा मधोमध गुळगुळीत जोडलेल्या. सोडियम आयोडाइडच्या शोधकांत ३३ केईव्हीपाशी आयोडीनमुळे एक खाच येते, म्हणून ३० ते ४० केईव्हीचा भाग वगळलेला बरा.

वर्णपट जुळला की एका चौरस सेंटिमीटरवर एकूण किती ऊर्जा पडली ते निघतं. या स्फोटासाठी १० केईव्ही ते १० जीईव्ही, म्हणजे गिगाइलेक्ट्रॉनव्होल्टपर्यंत, हा आकडा सुमारे ०.०००२४ अर्ग (ऊर्जेचं एक छोटं एकक) आहे. एवढीशी ऊर्जा! पण तांबडसृती ४.३५ ला प्रकाशीय अंतर (तेज किती मंद दिसतं त्यावरून धरलेलं अंतर) सुमारे १.२४ गुणिले १० चा २९ वा घात सेंटिमीटर येतं. त्याचा वर्ग करा, ४π ने गुणा, ०.०००२४ ने गुणा आणि ५.३५ ने भागा. उत्तर येतं सुमारे ८.७ गुणिले १० चा ५४ वा घात अर्ग. सूर्याचं सगळं वस्तुमान ऊर्जेत बदललं तर १.८ गुणिले १० चा ५४ वा घात अर्ग मिळतील. म्हणजे जवळजवळ पाच सूर्य, मिनिटभरात. हा हिशेब कागदावर स्वतः करून बघाच, वाचून तो पटत नाही.

त्यात एक गृहीतक दडलं आहे: ऊर्जा सगळ्या दिशांना सारखी गेली. प्रत्यक्षात ती अरुंद झोतात निघते आणि झोत आपल्या रोखाने असतो, म्हणून खरी ऊर्जा याहून खूप कमी असते.

सीझेडटीआयकडे वळताना

या उपकरणात कॅडमियम झिंक टेल्युराइडचे ६४ तुकडे आहेत, प्रत्येकावर २५६ चित्रकण (पिक्सेल), म्हणजे एकूण १६,३८४. नेहमीच्या कामात ते एका छोट्या चौकटीतूनच पाहतं. पण सुमारे १०० केईव्हीच्या वर उपकरणाच्या भिंती किरणांना पारदर्शक होतात आणि ते जवळजवळ सगळ्या आकाशाचं शोधक बनतं. मोबदल्यात किरण उपग्रहाच्या कोणत्या भागातून गाळून आले याचा हिशेब ठेवावा लागतो. वेळ १ जानेवारी २०१० पासून मोजलेली असते, फर्मीच्या वेळेशी ताडताना हा फरक लक्षात ठेवा. गोंगाटी चित्रकण आणि वैश्विक किरणांमुळे एकदम येणारे कणांचे झुपके आधी काढून टाकावे लागतात. त्यानंतरचं काम वरच्यासारखंच. ठळक स्फोटात शेजारच्या दोन चित्रकणांत एकाच वेळी पडलेल्या कणांवरून ध्रुवणही (किरणांची कंपनं किती एकाच दिशेत आहेत ते) मोजता येतं, आणि हे करू शकणारी उपकरणं जगात मोजकीच आहेत.

अडलात तर विचारायला माणसं पुण्यात आहेत. टिळक स्मारक मंदिरातली ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून हौशी मंडळींना सांभाळून घेते. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला आयुकाचे दरवाजे सगळ्यांना खुले असतात, तेव्हा स्वतःचा आलेख सोबत घेऊन जा. आलेख दाखवून विचारलेल्या प्रश्नाला नेमकं उत्तर मिळतं. स्फोटानंतर रेंगाळणारा रेडिओ प्रकाश नारायणगावजवळच्या खोडदच्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीने टिपला जातो, तीही वाट पुढे उघडी आहे.

प्रत्येक स्फोटाची टिपण वही ठेवा. कोणते शोधक, कोणता ऊर्जेचा पट्टा, कप्पा किती सेकंदांचा, पार्श्वभूमीचे तुकडे कुठून कुठे, वक्र कोणता, हे सगळं टी९० च्या शेजारी लिहिलेलं असू द्या. दुसऱ्या कोणाला ती वही वाचून तुमचा आकडा पुन्हा काढता आला पाहिजे.

दुसरा सराव म्हणून क्रमांक १७०८१७५२९ घ्या. १७ ऑगस्ट २०१७ चा, गुरुत्वीय लहरींच्या पाठोपाठ १.७ सेकंदांनी आलेला हा स्फोट फक्त दोनेक सेकंदांचा आणि क्षीण आहे, पहिल्यासारखा डोळ्यांत भरणार नाही. त्या वेळी तो अ‍ॅस्ट्रोसॅटच्या दृष्टीने पृथ्वीआड होता, त्यामुळे सीझेडटीआयमध्ये शोधू नका. एन१, एन२ आणि एन५ हे शोधक घ्या, कप्पा पाव सेकंदाचा ठेवा, आणि पार्श्वभूमीला या वेळी आधीचे शंभर सेकंद द्या.